वाटा भागीदाराचा, तर दरही भागीदाराचाच

तालुक्याच्या गावातले एक किराणा दुकान डोळ्यांसमोर आणू. वर्षाची उलाढाल एक कोटी रुपये, सगळी रोखीची. दुकान थोरल्या भावाच्या एकट्याच्या नावावर असेल, तर अनुमानित उत्पन्नाच्या सोयीनुसार उलाढालीच्या ८ टक्के, म्हणजे ८ लाख रुपये, त्याचे उत्पन्न धरता येते. २०२५-२६ या वर्षी नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर पूर्ण सूट असल्याने त्याचा कर शून्य. आता हेच दुकान दोघा भावांनी रीतसर भागीदारीपत्र करून चालवले असे समजू. माल तोच, गिऱ्हाईक तेच, नफाही तोच. पण आता उत्पन्न फर्मचे ठरते. फर्मला करमुक्त मर्यादा नाही, टप्पे नाहीत, सूट नाही. पहिल्या रुपयापासून ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर. ८ लाखांवर हा कर २,४९,६०० रुपये होतो. नफा दोघांत वाटला तर प्रत्येकाच्या वाट्याला चार लाख येतात, आणि चार लाख ही तर व्यक्तीची करमुक्त मर्यादाच आहे. एकट्याने आठ लाख मिळवले तर कर नाही. दोघांनी मिळून तेवढेच मिळवले तर अडीच लाख.

हे कुणा अधिकाऱ्याच्या अडवणुकीने होत नाही. कायद्याची रचनाच अशी आहे आणि ती १९९२ पासून आहे. या रचनेमागे एक मूलभूत प्रश्न दडलेला आहे: भागीदारीतला नफा नेमका कुणाचा? भागीदारांचा, की फर्म नावाच्या कुणा तिसऱ्याचा? माझे म्हणणे असे की नफा भागीदारांचा असतो, म्हणून प्रत्येकाच्या वाट्यावर कर त्याच्या स्वतःच्या दरानेच लागला पाहिजे. निदान लहान फर्मना तसा पर्याय मिळाला पाहिजे. एके काळी ही वाटणी करून कर लावणे सरकारला झेपत नव्हते. आज ते झेपते, त्यामुळे जुनी सबब उरलेली नाही.

आधी कायद्याचे मूळ पाहू. १९३२ चा भारतीय भागीदारी कायदा फर्मला स्वतंत्र अस्तित्व देत नाही. त्याच्या चौथ्या कलमानुसार भागीदारी म्हणजे माणसामाणसांतले नाते: सर्वांनी मिळून, किंवा सर्वांच्या वतीने एखाद्याने, चालवलेल्या धंद्याचा नफा वाटून घ्यायचे ठरवलेल्यांचे नाते. फर्म हे त्या सगळ्यांना मिळून दिलेले नाव. करार गप्प असेल तर नफा सारखा वाटायचा, असे तेराव्या कलमात आहे. या कायद्याची चौकट ब्रिटनच्या १८९० च्या भागीदारी कायद्यावरून आलेली आहे आणि तिथेही समान वाट्याचा हाच नियम आहे. दुलिचंद लक्ष्मीनारायण खटल्यात १९५६ साली सर्वोच्च न्यायालयाने याच समजुतीवर निकाल दिला की एक फर्म दुसऱ्या फर्मची भागीदार होऊ शकत नाही, कारण फर्म ही कायद्याच्या अर्थाने व्यक्तीच नाही.

१९७७ चा चिदंबरम पिल्ले खटला याहून बोलका आहे. चहाचे मळे असलेल्या फर्मने भागीदारांना वेतन दिले होते. चहाच्या उत्पन्नाचा ६० टक्के भाग शेतीचा धरला जातो आणि त्यावर केंद्राचा आयकर लागत नाही. मग भागीदाराच्या वेतनालाही तो फायदा मिळायचा की नाही? न्यायालयाने सांगितले की भागीदार स्वतःचाच नोकर होऊ शकत नाही. फर्मने त्याला दिलेले वेतन म्हणजे नफ्याचाच एक भाग, वाटणीची एक रीत. म्हणून मूळ नफ्याचा गुण त्या वेतनातही उतरतो. नफा झाला त्या क्षणीच तो भागीदारांचा असतो, हेच या निकालाचे सार. वेतन, व्याज, उरलेला वाटा ही त्याच नफ्याच्या विभागणीची वेगवेगळी नावे.

हे तत्त्व शेवटपर्यंत पाळले तर हिशेब कसा होतो, हे ब्रिटनमध्ये दिसते. तिथला २००५ चा कायदा सांगतो की करासाठी फर्म ही भागीदारांहून वेगळी मानायची नाही. नफा फर्मच्या पातळीवर एकदाच काढायचा, मग तो वाटायचा आणि कर ज्याचा त्याने भरायचा. लंडनमधल्या दोघांच्या उपाहारगृहाचा एक कल्पित हिशेब मांडू. भागीदारांना काहीही देण्याआधी वह्यांत नफा ६०,००० पौंड आहे. तिथे वह्यांतला घसारा करासाठी मान्य नसतो, म्हणून ९,००० परत मिळवले. गिऱ्हाइकांच्या पाहुणचाराचा खर्चही मान्य नाही, म्हणून २,००० मिळवले. यंत्रसामग्रीवरची कायदेशीर भांडवली वजावट ५,००० वजा केली. करपात्र नफा झाला ६६,०००.

आता वाटणी. पहिला भागीदार रोज उपाहारगृह सांभाळतो, म्हणून करारात त्याला १२,००० वेतन आहे. भांडवलावर व्याज पहिल्याला १,००० आणि दुसऱ्याला ५,०००. ही वेतन-व्याजाची रक्कम तिथे खर्च म्हणून वजा होत नाही, ती नफ्याचा आधी काढून ठेवलेला वाटा असते. ६६,००० मधून हे १८,००० बाजूला काढले की ४८,००० उरतात. ते निम्मे निम्मे. पहिल्याचा करपात्र वाटा ३७,०००, दुसऱ्याचा २९,०००, बेरीज ६६,०००. वर्षभरात पहिल्याने २५,००० उचलले असोत आणि दुसऱ्याने ४०,०००, या हिशेबात उचल कुठेच येत नाही. कर लागतो तो मिळकतीच्या हक्कावर, गल्ल्यातून काढलेल्या पैशावर नाही. पहिल्याचे दुसरे उत्पन्न नसेल तर त्याला १२,५७० पौंडांची करमुक्त मर्यादा पूर्ण मिळते आणि उरलेल्या २४,४३० वर २० टक्के दराने ४,८८६ पौंड आयकर बसतो. दुसऱ्याची इतरत्र मोठ्या पगाराची नोकरी असेल तर त्याच्या २९,००० वर ४० टक्के लागतील. एकाच धंद्याचा नफा, पण दोघांची ऐपत वेगळी, म्हणून दरही वेगळा.

या पद्धतीला खाचाखोचाही आहेत आणि त्यांची उत्तरे कायद्यात आहेत. समजा वर्ष वाईट गेले, नफा १०,०००च झाला आणि वेतन मात्र १२,००० ठरलेले आहे. व्याज बाजूला ठेवले तर उरतो २,००० तोटा, आणि तो निम्मा निम्मा वाटला की पहिल्याच्या नावावर ११,००० नफा आणि दुसऱ्याच्या नावावर १,००० तोटा येतो. फर्मला एकूण नफा असताना एखाद्या भागीदाराने तोटा दाखवणे कायद्याला मंजूर नाही. मग दुसऱ्याचा वाटा शून्य धरतात आणि पहिल्याचा १०,०००. वर्षाच्या मध्यात वाटणीचे प्रमाण बदलले तर आधीच्या आणि नंतरच्या काळाचा नफा त्या त्या प्रमाणात विभागतात. मात्र वर्ष संपल्यावर, नफा किती झाला ते पाहून, ज्याला कमी कर त्याला जास्त वाटा अशी मांडणी करता येत नाही. हिशेबाच्या काळात लागू असलेला करारच धरतात. फर्मचे एक विवरणपत्र जाते, त्यात प्रत्येकाचा वाटा लिहिलेला असतो आणि तोच आकडा प्रत्येक भागीदाराच्या स्वतःच्या विवरणपत्रात येतो. दोन्ही जुळतात की नाही हे पाहणे एवढेच काम उरते.

स्कॉटलंडचे उदाहरण इथे महत्त्वाचे आहे. १८९० चाच कायदा सांगतो की स्कॉटलंडमध्ये फर्म ही भागीदारांहून वेगळी कायदेशीर व्यक्ती आहे. तरीही कर तिथे भागीदारांनाच लागतो. आपल्याकडे याच्या बरोबर उलट: दिवाणी कायद्यात फर्म व्यक्ती नाही, पण आयकर कायद्यात ती पूर्ण व्यक्ती आहे. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. कर कुणावर लावायचा हे फर्मच्या कायदेशीर स्वरूपावरून आपोआप ठरत नाही. तो धोरणाचा निर्णय आहे आणि धोरण न्यायाच्या कसोटीवर तपासलेच पाहिजे.

आपल्याकडे हा निर्णय कसा झाला? १९६१ च्या आयकर कायद्याच्या मूळ रचनेत फर्मचे दोन प्रकार होते. आयकर अधिकाऱ्याकडे नोंदलेल्या फर्मला स्वतःच्या नफ्यावर तुलनेने कमी दराने कर लागे आणि पुढे तोच नफा भागीदारांच्या हातात त्यांच्या टप्प्यांनुसार करपात्र होई. न नोंदलेल्या फर्मवर मात्र ती जणू एकच करदाता असल्यासारखी आकारणी होई. तत्त्व अर्धे बरोबर होते, अंमल मात्र जाचक. एकाच नफ्यावर दोनदा कर बसे. नोंदणीसाठी अर्ज, मूळ भागीदारीपत्र, दरवर्षीचे घोषणापत्र लागे. भागीदारी खरी की कागदोपत्री, याची छाननी अधिकारी करत आणि नोंदणी नाकारली की प्रकरण अपिलात जाई. फर्मच्या आकारणीत एक आकडा बदलला की प्रत्येक भागीदाराची आकारणी पुन्हा दुरुस्त करावी लागे. घराघरांत बायका-मुलांना भागीदार दाखवून उत्पन्न तोडण्याचे प्रकार होत, ते रोखायला आणखी कलमे येत. सगळे कागदावर, हाताने, वेगवेगळ्या वॉर्डांत.

हा गुंता सोडवायला १९८७ च्या दुरुस्तीने नवी योजना आणली, पण ती लागू होण्याआधीच १९८९ मध्ये मागे घेतली गेली. शेवटी मनमोहन सिंग अर्थमंत्री असताना १९९२ च्या वित्त कायद्याने गाठ कापली. फर्म हा स्वतंत्र करदाता झाला, नोंदलेली आणि न नोंदलेली हा भेद गेला आणि भागीदाराच्या हातातला नफ्याचा वाटा करमुक्त झाला. फर्मचा दर आधी ४० टक्के होता, मग ३५ झाला आणि २००५ च्या अर्थसंकल्पापासून ३० टक्के आहे. दुहेरी कर संपला, हा त्या बदलाचा खरा लाभ होता.

याच सुमारास ब्रिटन नेमका उलट्या दिशेने निघाला होता. तिथे तोपर्यंत भागीदारीच्या नफ्यावरची आकारणी फर्मच्या नावाने होई आणि कर हे सगळ्या भागीदारांचे सामायिक देणे असे. एकाने हात वर केले की त्याचा भार इतरांवर पडे. १९९४ च्या वित्त कायद्याने ते बदलले. काही वर्षांच्या संक्रमणानंतर प्रत्येक भागीदार आपल्या वाट्यापुरता स्वतः जबाबदार झाला. एकाच कुळातले दोन कायदे, दोन वर्षांच्या अंतराने, विरुद्ध वाटांनी गेले. भारताने हिशेब सोपा करण्यासाठी माणूस बाजूला ठेवला आणि फर्म धरली. ब्रिटनने फर्म बाजूला ठेवून माणूस धरला आणि हिशेब शिस्तीत बसवला.

१९९२ च्या सोपेपणाची किंमत कोण मोजते, हे आकड्यांतच दिसते. चार भागीदारांची एक अडत फर्म घ्या. वेतन देण्याआधीचा नफा २० लाख. चौघेही काम करणारे भागीदार आहेत आणि भागीदारीपत्रात जास्तीत जास्त वेतनाची तरतूद आहे. २०२४ च्या दुरुस्तीनंतरची मर्यादा अशी: पहिल्या ६ लाखांच्या नफ्यावर ३ लाख किंवा ९० टक्के यांपैकी जी रक्कम मोठी ती, आणि उरलेल्या नफ्यावर ६० टक्के. म्हणजे ५ लाख ४० हजार अधिक ८ लाख ४० हजार, एकूण १३ लाख ८० हजार. ६ लाख २० हजार फर्ममध्ये उरतात आणि त्यावर उपकरासह १,९३,४४० रुपये कर बसतो. चौघांत वाटले तर या चार घरांचे प्रत्येकी उत्पन्न पाच लाख. व्यक्ती म्हणून त्यांतल्या कुणालाही एक रुपया कर लागला नसता. याच बाजारात एकट्याच्या मालकीची पेढी असलेला, वर्षाला २० लाख कमावणारा व्यापारी नव्या प्रणालीत २,०८,००० रुपये भरतो. पाच लाखांवर चालणारी चार घरे आणि वीस लाखांचे एक घर, दोघांच्या करात पंधरा हजारांचाही फरक नाही. ऐपतीनुसार कर हे तत्त्व इथे पूर्ण हरवलेले आहे.

त्याहून वेदनादायक उदाहरण काम न करणाऱ्या भागीदाराचे. आपल्याकडे भागीदार वारला की अनेक फर्म त्याच्या पत्नीला भागीदार करून घेतात. हा माणुसकीचा आणि शहाणपणाचा रिवाज आहे. भांडवल मोडत नाही आणि घर चालते. अशा एका विधवेचा नफ्यातला वाटा तीन लाख धरू. ती दुकानात बसत नाही, म्हणून तिला वेतन देता येत नाही. तिच्या वाट्यापोटी फर्म ९३,६०० रुपये कर भरते आणि तिच्या हाती २,०६,४०० येतात. तिचे दुसरे काही उत्पन्न नाही, तिच्या स्वतःच्या दराने कर शून्य आहे, पण फर्मने भरलेला कर परत मागण्याची सोय कायद्यात नाही. आता त्याच फर्ममध्ये तेवढ्याच वाट्याचा एक श्रीमंत नातलग आहे असे समजू. त्याचे इतर उत्पन्न तीन कोटींचे आहे. नव्या प्रणालीत त्याचा सर्वोच्च दर अधिभार आणि उपकरासह ३९ टक्के पडतो. हे तीन लाख त्याच्या हातात करपात्र असते तर त्याने १,१७,००० भरले असते. फर्ममधून आल्यामुळे त्याच्याही वाट्याला ९३,६००च. सगळ्यांना एकच दर म्हणजे समता, असे वरवर वाटते. प्रत्यक्षात विधवेकडून ९३,६०० जास्त घेतले आणि कोट्यधीशाला २३,४०० सोडले.

या रचनेचे समर्थन करणारे पहिला मुद्दा वेतनाचा मांडतात: वेतन आणि भांडवलावर १२ टक्क्यांपर्यंतचे व्याज फर्मला वजा मिळते, ते भागीदाराच्या हातात त्याच्या दराने करपात्र होते, मग बहुतेक नफा तसा भागीदारापर्यंत पोहोचतोच की. यात तथ्य आहे आणि २०२४ ची वाढीव मर्यादा स्वागतार्ह आहे. पण ही झडप अर्धीच उघडते. ती फक्त काम करणाऱ्या भागीदारासाठी आहे. भागीदारीपत्रात नेमके कलम नसेल तर ती बंद. आणि जिथे सवलतीची सर्वाधिक गरज आहे, त्या अनुमानित उत्पन्नाच्या सोयीत ती २०१६ च्या दुरुस्तीनंतर पूर्ण बंद झाली: ८ टक्के धरलेल्या उत्पन्नातून भागीदारांचे वेतन आणि व्याज वजा होत नाही. सुरुवातीच्या दोघा भावांनी वह्या ठेवून नियमित मार्ग धरला, तर ८ लाखांतून ६ लाख ६० हजार वेतन वजा होईल आणि उरलेल्या १ लाख ४० हजारांवर ४३,६८० कर बसेल. म्हणजे छोट्या दुकानदाराला वह्यांच्या कटकटीतून सोडवण्यासाठी केलेली सोय, भागीदारीत आल्यावर दोन लाखांनी महाग पडते. शिवाय हे वेतन नावापुरतेच वेतन आहे. कायदा ते धंद्याचे उत्पन्न मानतो, त्यामुळे पगारदाराची ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट भागीदाराला नाही.

याचा परिणाम भागीदारीपत्रावरही होतो. कोण किती राबतो, कुणाचे किती भांडवल, कुणाची किती जोखीम, यावरून वाटणी ठरायला हवी. प्रत्यक्षात ‘कायद्याने जास्तीत जास्त मान्य असेल तेवढे वेतन’ असे एक ठरीव वाक्य पत्रात येते आणि भागीदारांमधला खरा समझोता तोंडी राहतो. त्याहून वाईट म्हणजे अनेक खऱ्या भागीदाऱ्या कागदावर येतच नाहीत. दुकान एका भावाच्या नावावर, दुसरा नुसता मदतनीस. करात बचत होते, पण भांडण झाले किंवा नावावरचा भाऊ अचानक गेला, की दुसऱ्याच्या हाती आपला हक्क सिद्ध करायला एक ओळसुद्धा नसते. जो कायदा प्रामाणिक कागदाला दंड करतो, तो माणसांना कागद न करण्याकडे ढकलतो.

दुसरा आक्षेप उत्पन्न तोडण्याचा. वाट्यावर कर व्यक्तीच्या दराने लागला तर लोक पुन्हा घरातल्यांची नावे भागीदार म्हणून घालतील. ही भीती खरी आहे आणि जुन्या काळात ती अनुभवालाही आली. पण तिचा बंदोबस्त कायद्यात आजही आहे. अज्ञान मुलाचे असे उत्पन्न पालकाच्या उत्पन्नात मिळवले जाते. पतीने दिलेल्या पैशातून पत्नीने कमावले तर तेही पतीकडे येते. पात्रता नसताना पत्नीला वेतन दाखवले तर त्याच्याही एकत्रीकरणाचे कलम आहे. मुळात काही घरे खोटे भागीदार उभे करतील म्हणून सगळ्या खऱ्या भागीदारांकडून सर्वोच्च टप्प्याने कर घ्यायचा, हा न्याय होत नाही. पगारदारांपैकी काही जण खोट्या पावत्या जोडतात, म्हणून सगळ्या पगारांवर सरसकट ३० टक्के लावायचे, असे कुणी सुचवणार नाही.

तिसरा आक्षेप कारभाराचा, आणि १९९२ च्या निर्णयाचे मुख्य कारण तेच होते. आज त्याची स्थिती काय आहे? प्रत्येक भागीदाराला पॅन आहे. फर्मच्या विवरणपत्रात भागीदारांची नावे, त्यांचे वाट्याचे प्रमाण, वेतन आणि व्याज भरावेच लागते. विवरणपत्रे इलेक्ट्रॉनिक आहेत. फर्मचा आकडा आणि भागीदाराचा आकडा जुळतो का, हे तपासायला कारकून लागत नाही. १ एप्रिल २०२५ पासून तर फर्मने भागीदाराला दिलेल्या वेतनावर आणि व्याजावर, वर्षाला २०,००० च्या पुढे गेले की, १० टक्के टीडीएस कापणे बंधनकारक आहे. म्हणजे कर वसूल करायचा असतो तेव्हा प्रत्येक भागीदारापर्यंत पोहोचण्याची यंत्रणा सरकारजवळ आहे. तीच यंत्रणा त्याच्या वाट्याचा खरा कर ठरवायला वापरता येणार नाही, हे कसे मानायचे?

आणि उत्पन्न थेट मालकाच्या हातात करपात्र धरण्याचे तत्त्व आपल्या कायद्याला परकेही राहिलेले नाही. २०१५ पासून पर्यायी गुंतवणूक निधींच्या पहिल्या दोन वर्गांत, धंद्याचे उत्पन्न सोडून बाकीच्या उत्पन्नावरचा कर निधीला न लागता गुंतवणूकदाराला त्याच्या हातात लागतो. हे निधी मोठ्या भांडवलवाल्यांचे आहेत. तिथे किमान गुंतवणूकच सर्वसाधारणपणे एक कोटीची असते. जी गणिते त्यांच्यासाठी जमतात, ती बाजार समितीतल्या चार अडत्यांसाठीही जमायला हवीत.

वाट्यावर कर लावण्याच्या पद्धतीची दुसरी बाजूही मांडायला हवी. ब्रिटनच्या रीतीत न उचललेल्या नफ्यावरही भागीदाराला कर भरावा लागतो. धंदा वाढत असताना नफा मालात आणि उधारीत अडकलेला असतो, खिशात पैसा नसतो, पण कराची तारीख येते. अल्पमताच्या भागीदाराला तर पैसे काढायचा अधिकारही नसतो आणि कर मात्र चुकत नाही. आपल्या पद्धतीत कर फर्म भरते आणि विषय तिथेच संपतो, हे तिचे बळ आहे. तोट्याच्या बाबतीत पारडे पुन्हा फिरते. ब्रिटनमध्ये भागीदार आपल्या वाट्याचा तोटा काही मर्यादांत स्वतःच्या इतर उत्पन्नातून वजा करू शकतो. आपल्याकडे फर्मचा तोटा फर्ममध्येच राहतो. आठ वर्षांत नफा झाला तर वळता होतो, नाहीतर वाया जातो. नोकरी सांभाळून मित्राबरोबर धंदा सुरू करणाऱ्या तरुणाला पहिल्या दोन-तीन वर्षांच्या तोट्याचा काहीही आधार मिळत नाही.

प्रत्येक रीतीला तिची किंमत आहे, म्हणूनच मी सक्ती मागत नाही, निवड मागतो. सगळे भागीदार निवासी व्यक्ती आहेत आणि उलाढाल ठरावीक मर्यादेत आहे, अशा फर्मला वर्ष सुरू होण्याआधी सांगता यावे की आमचा नफा आमच्या हातात करपात्र धरा. वाट्याचे प्रमाण आधीच नोंदलेले असावे, मागाहून बदलता येऊ नये आणि एकदा घेतलेला पर्याय काही वर्षे बांधील राहावा, म्हणजे दरवर्षी सोयीप्रमाणे उड्या मारता येणार नाहीत. कर बुडण्याची धास्ती असेल तर फर्मने प्रत्येकाच्या वाट्यावर टीडीएस भरावा.

एवढे मोठे पाऊल टाकायचे नसेल तर दोन लहान उपाय लगेच करता येतील. पहिला, फर्मने भागीदाराच्या वाट्यावर भरलेला कर त्याने आगाऊ भरलेला कर समजायचा. ज्याचा दर कमी त्याला फरक परत आणि ज्याचा दर जास्त त्याच्याकडून फरक वसूल. त्या विधवेला तिचे ९३,६०० परत मिळतील आणि कोट्यधीश आपला उरलेला वाटा भरेल. दुसरा, अनुमानित उत्पन्नाच्या सोयीत भागीदारांच्या वेतनाची वजावट पूर्ववत करायची. २०१६ पर्यंत ती होतीच. १९६१ च्या कायद्याची जागा घेणारा आणि १ एप्रिल २०२६ पासून लागू होणारा २०२५ चा आयकर कायदा भाषा सोपी करतो, कलमांची रचना नीट लावतो; भागीदारीच्या कराचा सांगाडा मात्र त्याने तसाच ठेवला आहे. भाषा सुधारताना न्याय सुधारायची संधी हुकली. ती पुढच्या एखाद्या वित्त विधेयकात घेता येईल, त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही.

भागीदारी हे कमी भांडवलाच्या माणसांचे साधन आहे. एकाजवळ जागा असते, दुसऱ्याजवळ पैसा, तिसऱ्याजवळ कसब. एकट्याने कुणालाच जमले नसते ते तिघे मिळून उभे करतात. त्यासाठी ना मोठी नोंदणी लागते, ना भागभांडवल, ना संचालक मंडळ. कंपनी काढण्याची ऐपत नसलेल्यांना एकमेकांवरच्या विश्वासाच्या बळावर धंदा करू देणारी ही व्यवस्था सहकाराइतकीच जपण्यासारखी आहे. एकट्याने कमावलेल्या आठ लाखांना सरकार माफी देते आणि एकत्र येऊन कमावलेल्या आठ लाखांवर सर्वोच्च दर लावते, तेव्हा ते एकत्र येण्यावरच कर लावत असते. या दंडाचे समर्थन आजवर हिशेबाच्या अडचणीने केले गेले. ती अडचण आता राहिलेली नाही. म्हणून प्रत्येक भागीदाराचा वाटा मोजावा, तो त्याच्या नावावर धरावा आणि कर त्याच्या ऐपतीप्रमाणे घ्यावा.